माचू पिचू : इंकांच्या पायवाटेने चार दिवस

रेल्वे आणि बसने काही तासांत गाठता येणाऱ्या अवशेषांपर्यंत जगभरातून आलेले लोक चार दिवस पायी का जातात? दक्षिण अमेरिकेतील पेरू देशातल्या प्रसिद्ध इंका पायवाटेची ही ओळख.

पेरू म्हटले की आपल्याकडे आधी फळ आठवते. देश आठवलाच, तर माचू पिचूचे चित्र डोळ्यांपुढे येते. ढगांत बुडालेले हिरवे डोंगर, त्यांच्या माथ्यावर वसलेले दगडी नगर आणि मागे उभा असलेला उंच सुळका. १९८३ साली युनेस्कोने या ठिकाणाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. बहुतेक पर्यटक रेल्वेने पायथ्याच्या गावी उतरतात, बसने वर जातात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परततात. काही जण मात्र जुन्या इंका वाटेने डोंगर ओलांडत, सुमारे ४३ किलोमीटर चालत तेथे पोहोचतात.

या वाटेची सुरुवात एखाद्या भव्य कमानीपासून होत नाही. ती होते एका वजनकाट्यापासून.

८२ व्या किलोमीटरवरचा काटा

कुस्कोहून निघालेल्या रेल्वेमार्गाच्या ८२ व्या किलोमीटरवर उरुबांबा नदीच्या काठी एक तपासणी नाके आहे. प्रत्येक प्रवाशाचा परवाना येथे पासपोर्टशी ताडून पाहतात. परवाना एकाच्या नावाचा असेल, तर दुसऱ्याला त्यावर जाता येत नाही. शेजारीच ओझी वाहणाऱ्या पोर्टरांची रांग लागलेली असते. तंबू, गॅसची टाकी, भांडी, तांदूळ, बटाटे, घडीची टेबले, असे सारे पाठीवर बांधून ते एकेक करून काट्यापुढे येतात.

ही तपासणी उगीच नाही. पूर्वी एकेका पोर्टरच्या पाठीवर चाळीस किलो आणि त्याहूनही अधिक ओझे लादले जाई. त्यांच्या झोपण्याची किंवा जेवणाची चौकशी करणारे कोणी नसे. २००१ साली पेरूमध्ये पोर्टरांसाठी खास कायदा झाला आणि ओझ्याची मर्यादा २० किलोवर आली. काट्याची सक्ती तेव्हापासूनची.

त्याच सुमारास वाटेचेही नियम बदलले. १९९० च्या दशकात येथे कोणीही यावे, कोठेही तंबू ठोकावा, अशी स्थिती होती. कचरा साठू लागला, पाचशे वर्षांच्या पायऱ्या झिजू लागल्या. आता दिवसाला जास्तीत जास्त ५०० जणांनाच सोडतात. त्यात पर्यटक सुमारे दोनशेच असतात, बाकीचे वाटाडे, स्वयंपाकी आणि पोर्टर. अधिकृत वाटाड्याशिवाय कोणालाही पुढे जाता येत नाही. दर वर्षी फेब्रुवारीत, ऐन पावसाळ्यात, वाट दुरुस्तीसाठी पूर्ण बंद असते.

चाकाविना बांधलेले रस्ते

पहिला दिवस तसा सोपा. नदी ओलांडून निवडुंगांच्या आणि शेतांच्या कडेने वाट हळूहळू चढते. वळणावर खाली पातायाक्ताचे अवशेष दिसतात. डोंगराच्या कुशीत अर्धवर्तुळात रचलेली पायऱ्यापायऱ्यांची शेते आणि त्यांच्या डोक्यावर घरांच्या रांगा. माचू पिचूला लागणारे काही धान्य या शेतांतून जात असावे. १५३६ मध्ये स्पॅनिश फौजेपुढून माघार घेताना मांको इंका या राजाने हे गाव जाळले, असे मानतात. शत्रूला पाठलागाची वाट सापडू नये, हा हेतू. तो सफल झाला म्हणायचा, कारण या वाटेवरील गावे स्पॅनिशांच्या हाती लागलीच नाहीत.

इंकांचे राज्य पंधराव्या शतकात भरभराटीला आले. आपल्याकडे तेव्हा हंपीला विजयनगरची राजधानी नांदत होती. इंकांकडे घोडे नव्हते, लोखंड नव्हते आणि वाहतुकीसाठी चाकही नव्हते. ओझे वाहायला होता तो लामा हा प्राणी आणि माणसाची पाठ. तरीही त्यांनी अँडीज पर्वतात ३० हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते बांधले. हे जाळे आजच्या सहा देशांत पसरलेले आहे. २०१४ साली त्यालाही जागतिक वारशात स्थान मिळाले.

गाडी जायची नसल्यामुळे चढ आला की सरळ पायऱ्या काढलेल्या असत. रस्त्यावर ठरावीक अंतरावर निरोपे धावायला तयार असत. एकाने धावत यायचे आणि दुसऱ्याला निरोप देऊन थांबायचे. इंकांना लिपी नव्हती. हिशेब दोरीच्या गाठींत ठेवले जात. त्या गाठोड्याला 'कीपू' म्हणत.

पहिला मुक्काम वायाबांबा परिसरात, सुमारे ३,००० मीटर उंचीवर पडतो. रात्री गरम सूप येते आणि त्यात बटाटा हमखास असतो. उपासाला, वड्याला आणि भाजीला आपण ज्याच्यावाचून अडतो, तो बटाटा मूळचा याच अँडीज पर्वतातला. पोर्तुगीजांमुळे तो आपल्याकडे आला आणि नावही त्यांच्याच भाषेतून घेऊन आला. इंका लोक बटाटे रात्रीच्या कडाक्यात गोठवत, दिवसा उन्हात वाळवत आणि वर्षानुवर्षे कोठारांत साठवत. असा सुका बटाटा तेथे आजही खातात.

दमछाक करणारी खिंड

दुसरा दिवस कसोटीचा. वायाबांबापासून वार्मिवान्युस्का खिंडीपर्यंत सलग १,२०० मीटरचा चढ आहे. केचुआ भाषेतील या नावाचा अर्थ 'मेलेली बाई'. दुरून पाहिले की डोंगराची कड उताण्या निजलेल्या स्त्रीसारखी दिसते, म्हणून हे नाव. खिंडीची उंची ४,२१५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीच पट. येथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपास भरतो.

राजगड-तोरणा पायाखाली घातलेल्यालाही येथे दर वीस पावलांनी थांबावे लागते. ताकदीची घमेंड येथे कामाची नाही. डोके दुखू लागले, मळमळ वाटली, तर ते वाटाड्याला लगेच सांगावे. त्रास वाढत असेल तर खाली उतरणे हाच खरा उपाय. म्हणूनच ३,४०० मीटर उंचीच्या कुस्कोत आधी दोन-तीन दिवस राहून शरीराला सवय करून घेतात.

पर्यटक धापा टाकत असताना मागून 'पोर्टर, पोर्टर' अशी हाक येते. सारे डोंगराच्या बाजूला सरकून वाट देतात आणि ओझी घेतलेली माणसे जवळजवळ धावतच पुढे निघून जातात. सकाळी सगळ्यांच्या मागून तंबू आवरून निघालेली ही मंडळी पुढच्या मुक्कामी सगळ्यांच्या आधी पोहोचतात. पर्यटक येईतो तंबू उभे असतात आणि चहाचे पाणी उकळत असते. बहुतेक पोर्टर आसपासच्या डोंगरगावांतील केचुआ शेतकरी. पेरणी-काढणीतून सवड मिळाली की ते या कामाला येतात. अलीकडे काही स्त्रियाही हे काम करू लागल्या आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी ही वाट बांधली, तेच आज तिच्यावर ओझी वाहतात.

ढगांवरचे गाव

तिसरा दिवस सर्वांत लांबचा आणि सर्वांत सुंदर. प्रथम रुंकुराकाय हे गोल बांधणीचे ठिकाण लागते. ते वाटेवरचे विसाव्याचे आणि टेहळणीचे ठाणे असावे. दुसरी खिंड ओलांडली की कड्याच्या टोकावर वसलेले सायाकमार्का येते. वर जायला एकच अरुंद दगडी जिना आहे. येथून पुढे वाटेचा बराच भाग मूळचा, इंकांनी बसवलेल्या दगडांचा आहे. एके ठिकाणी तर कातळातल्या फटीतून बोगदा काढून आत पायऱ्या कोरल्या आहेत.

आता झाडोरा बदलतो. उघडे माळ संपून शेवाळलेले, ओले रान सुरू होते. फांद्याफांद्यांवर ऑर्किडची फुले दिसतात. हवा स्वच्छ असेल तर ६,२७१ मीटर उंचीचे साल्कांताय शिखर बर्फाने चमकताना दिसते. केचुआ लोक अशा शिखरांना 'अपू' म्हणजे रक्षक देव मानतात. वाटाडे आजही कोकाची तीन पाने हातात धरून शिखराकडे पाहत फुंकर घालतात आणि मग पुढे निघतात.

तिसऱ्या खिंडीजवळ फुयुपातामार्का आहे. अर्थ, ढगांवरचे गाव. तेथे उतारावर एकाखाली एक दगडी कुंडे आहेत आणि पाणी अजून खळाळते. तेथून शेकडो पायऱ्या उतरत वाट विन्याय वायनाला येते. तेथली शेते इतक्या उभ्या उतारावर आहेत, की वरून पाहणाऱ्याचे पाय लटपटावेत.

नदीकाठाने सोपी वाट काढणे शक्य असताना इंकांनी हा तीन खिंडींचा मार्ग कशासाठी बांधला असावा? ही केवळ दळणवळणाची नव्हे, तर यात्रेचीही वाट असावी, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. डोंगर, पाणी आणि सूर्य यांचे दर्शन घेत जायचे आणि मग नगरात शिरायचे. आळंदीहून पंढरपूरला पायी जाणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. मोटारीने पाच-सहा तासांत पंढरपूर गाठता येते, म्हणून वारी थांबलेली नाही.

सूर्यद्वारातून

चौथ्या दिवशी पहाटे साडेतीनलाच जाग येते. घाई पर्यटकांना जितकी, तितकीच पोर्टरांना. तंबू गुंडाळून त्यांना खाली उतरून सकाळची गाडी पकडायची असते. त्यांचा निरोप येथेच घेतात. ज्यांच्या पाठीवर सगळा प्रवास झाला, ते माचू पिचूत येत नाहीत. त्यांचे काम नगराच्या अलीकडेच संपते.

नाके उघडले की बॅटऱ्यांच्या उजेडात शेवटचे पाच-सहा किलोमीटर सुरू होतात. अखेरच्या उभ्या पायऱ्या चढून इंती पुंकू, म्हणजे सूर्यद्वारात, पाऊल पडते. धुके नसेल तर समोर खाली सारे नगर एका दृष्टिक्षेपात दिसते. धुके असले, तर दगडी चौथऱ्यावर बसून वाट पाहायची.

खाली उतरल्यावर चुन्याविना बसवलेल्या भिंती दिसतात, सूर्यमंदिर दिसते, सोळा कारंज्यांतून खेळवलेले पाणी दिसते. बराच भूभाग पावसाचा आणि भूकंपाचा असूनही हे नगर पाचशे वर्षे तग धरून आहे, कारण पाण्याचा निचरा करणारी खडी-वाळूची रचना शेतांच्या पोटात दडलेली आहे. तीन दिवस पायांखाली तशीच कारागिरी तुडवत आलेल्या माणसाला हे चटकन उमगते. रेल्वेने आलेल्याला माचू पिचू एकटे, अचानक उगवलेले वाटते. चालत आलेल्याला ते एका लांब माळेतला शेवटचा मणी वाटते.

२४ जुलै १९११ रोजी अमेरिकन अभ्यासक हायरम बिंगहॅम येथे पोहोचला आणि जगाला हे नाव कळले. पण त्यालाही वर आणले ते मेल्चोर आर्तेआगा या शेतकऱ्याने, एक सोल नाणे मजुरी घेऊन. अवशेषांपर्यंतची शेवटची वाट दाखवली एका लहान मुलाने, कारण तेथे शेतकरी कुटुंबे राहतच होती. त्याआधी १९०२ मध्ये आगुस्तीन लिसारागा हा स्थानिक माणूस भिंतीवर आपले नाव लिहून गेला होता. वाट दाखवणारे आणि ओझे वाहणारे पूर्वीपासून होतेच. छायाचित्रात मात्र ते क्वचितच आले.

जाण्यापूर्वी

भारतातून पेरूला थेट विमान नाही. व्हिसाचे नियम आधी दूतावासाकडून समजून घ्यावेत. मे ते सप्टेंबर हा कोरडा आणि उत्तम काळ, पण या महिन्यांचे परवाने कित्येक महिने आधी संपतात. काठीच्या टोकाला रबर हवे, धातूचे टोक पायऱ्यांना इजा करते. शाकाहारी जेवण मिळते, मात्र नोंदणी करतानाच सांगावे. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय निघू नये. चार दिवस झेपत नसतील, तर १०४ व्या किलोमीटरपासून एका दिवसाची वाटही आहे. ती विन्याय वायनावरून सूर्यद्वाराशीच पोहोचते. उंचीच्या त्रासावर तेथे कोकाच्या पानांचा चहा सर्रास देतात. तो तेथेच प्यावा. पाने सामानात घालून भारतात आणणे हा गुन्हा आहे.

आणि सहल-कंपनी निवडताना केवळ दर पाहू नये. पोर्टरांना मजुरी किती देता, त्यांना झोपायला तंबू आणि अंथरूण असते का, जेवण कोण देते, हे प्रश्न विचारावेत. स्वस्त सहलीतली बचत पुष्कळदा त्यांच्याच ताटातून होते. शेवटच्या संध्याकाळी बक्षिसी द्यायची असते, ती आधीच वेगळी काढून ठेवावी. केचुआतला 'सुल्पायकी' हा एक शब्दही पाठ करून जावा. त्याचा अर्थ, आभारी आहे.