तीन बोटांचं तोंड

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या दातांच्या दवाखान्यात पहिली तपासणी हत्याराविनाच होते. समोरच्याला त्याचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगायची. निरोगी तोंडात ती सहज मावतात. वर्षानुवर्षं खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, चघळणाऱ्याच्या तोंडात दोनच बोटं मावतात. गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठ झालेली असते आणि भाजीतल्या मिरचीनेही आग होते. हा सबम्यूकस फायब्रोसिस. यात मुख्य दोष सुपारीचा. तंबाखू पुढच्या कर्करोगाचा धोका वाढवते. पूर्वीसारखं तोंड उघडून देईल असा खात्रीचा इलाज नाही.

तंबाखू वापराचे आकडे मात्र उतरणीचे आहेत. 2009-10 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले 34.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, 2016-17 मध्ये 28.6 टक्के. मध्य प्रदेशही 39.5 वरून 34.2 वर आला. म्हणजे तिथे अजूनही तिघांत एकाहून अधिक, आणि त्यांतले बहुतेक ओढणारे नाहीत, चघळणारे.

अन्नसुरक्षेच्या नियमांचा आधार घेऊन 1 एप्रिल 2012 पासून गुटखा बंद करणारं मध्य प्रदेश हे पहिलं राज्य. त्याच जुलैत महाराष्ट्रानेही तेच केलं, त्यामुळे बालाघाट आणि गोंदिया, सीमेच्या दोन्ही बाजूंना कायदा एकसारखा झाला. कंपन्यांनी वाट काढली ती सोपी होती: पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, मिसळायचं काम गिऱ्हाईकाच्या तळहातावर.

खर्ऱ्याला तेवढीही गरज पडली नाही. पानठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात आणि तशीच पन्नी गुंडाळून हातात देतात. 2016 पासून तंबाखूच्या वेष्टनाच्या 85 टक्के भागावर इशारा छापणं सक्तीचं आहे, 2018 पासून व्यसनमुक्तीचा 1800-11-2356 हा क्रमांकही. पन्नीवर यातलं काहीच नसतं. ना चित्र, ना नंबर, ना कर. आपली तंबाखूविरोधी धोरणं पाकीट समोर ठेवून आखली गेली, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरीकडे सरकार स्वतःच या धंद्यात आहे. 1964 च्या कायद्याने मध्य प्रदेशात विडी वळायच्या तेंदूपत्त्याचा व्यापार राज्याच्या हाती आला. उन्हाळ्यात बालाघाटच्या जंगलात भल्या पहाटे बाया-माणसं पानं तोडतात, दुपारी 50-50 पानांच्या गड्ड्या बांधतात आणि फडावर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा. 2024 मध्ये त्याचा दर 3000 वरून 4000 रुपये झाला. हिशोब केला तर पानाला 8 पैसे. शेतीची कामं थंडावलेली असताना हातात येणारी ही रोख रक्कम आहे, तिला नाक मुरडणं शहरी माणसालाच परवडतं. पण सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट-गुटख्यासाठी 40 टक्के कर ठरवताना विडी मात्र 28 वरून 18 वर आणायचं ठरवलं, याचं समर्थन मला जमत नाही. पान तोडणाऱ्याचा दर वाढवायला विडी स्वस्त करावी लागत नाही. ती स्वस्त झाली की ओढणारा गरीबच अधिक ओढतो.

या फडांचा एक उपयोग मात्र अजून कुणी नीट केलेला नाही. तिथे हंगामात गावंच्या गावं जमतात, पानं गोळा करणाऱ्या प्राथमिक सहकारी समित्यांकडे प्रत्येक संग्राहकाचं कार्ड असतं. एक टॉर्च, एक आरसा आणि गाल तपासायला शिकवलेली आशाताई गड्ड्यांच्या मोजणीशेजारी बसवली, तर पांढुरका पडू लागलेला गाल दोन बोटांवर येण्याआधीच सापडेल.