पिंजरा कुणासाठी?

कारवानी पिल्लू घरात आले आणि आमच्यात वाद पेटला. रात्रीसाठी पिंजरा लोखंडी घ्यावा की कापडी? मुलांच्या हट्टाने आम्ही हलका, घडीचा कापडी घेतला. दात येणाऱ्या पिल्लाने दोन रात्रींत त्याची जाळी फाडली. मग लोखंडी आणला. उभे राहता, वळता येईल एवढा. निलंग्याच्या उन्हात तो तापतो, म्हणून सावलीत ठेवून खाली गोणपाट अंथरले. दिवसा दार उघडेच.

महाडच्या तळ्यावर जनावरे पाणी पीत, आपल्या माणसांना मात्र बंदी! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ती मोडली. ज्यांनी बंद दाराचे दुःख सोसले, त्यांनी मुक्या जीवाला शिक्षा म्हणून कोंडू नये. पंचशीलातले पहिले शील घरातूनच सुरू होते.