निरोप्या

मराठीच्या तासाला सर विरहगीते शिकवीत होते. कालिदासाचा मेघ झाला, ज्ञानेश्वरांच्या विराणीतला शकुन सांगणारा कावळा झाला, गवळणीतल्या सख्या झाल्या. "विरही माणसाला निरोप्या लागतोच," असे सर म्हणाले आणि माझ्या छातीत धस्स झाले. निरोप्याचे काम मी आठवीपासून करीत आले आहे.

सात रस्त्याच्या मागे आमची एक खोली आहे. (तेथे सात रस्ते मिळतात की फुटतात, हा आमच्या गल्लीतला जुना वाद.) आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. वडील यंत्रमागावरची रात्रपाळी करून येतात. दोघांत अंतर असेल चार हातांचे. आई म्हणते, "तुझ्या वडिलांना विचार, आत्ता वाढू का?" वडील म्हणतात, "म्हणावं, झाकून ठेव." दोघांना दोघांचे ऐकू जाते, तरी मी सांगते. भांडण नाही, दारू नाही. शेजारणी आईला नशीबवान म्हणतात.

हे कवितेत कुठे सापडते का, म्हणून मी शोधू लागले. पेशवाईतल्या लावणीत सखा मोहिमेवर गेलेला असतो. आपल्या सोलापूरचे शाहीर रामजोशी पुराणिकाच्या घरातून तमाशाच्या फडात गेले आणि घरच्यांशी त्यांचे बिनसले, असे सांगतात. म्हणजे तुटणे त्यांना ठाऊक होते. पण लावणीतली नायिका झुरते ती दूरच्या माणसासाठी. सुरेश भटांच्या गझलेत कोणीतरी दगा देतो. अनिलांची रुसव्याची कविता, कुमार गंधर्वांनी गायिलेली, जवळची वाटली. पण रुसणाऱ्याला निदान कोणी विनवीत तरी असते. आमच्याकडे कोणी विनवीत नाही.

इंदिरा संत मात्र मी रात्रभर वाचल्या. त्यांचे पती ना. मा. संत १९४६ साली वारले. त्यानंतर 'शेला' (१९५१), 'मेंदी' (१९५५) हे संग्रह आले. वाचताना रडू आले, आणि पुस्तक मिटल्यावर एक दुष्ट विचारही आला : या बाईंचे माणूस गेले होते. माणूस समोर जेवत बसलेले असताना गेले, तर त्याला विरह म्हणायचे की काय म्हणायचे?

सुट्टीत गावी आजीला विचारले. ती म्हणाली, "आम्ही जात्यावर सांगायचो की! सासू, नवरा, सवत, समदं ओवीत यायचं. नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई, जात्यालाच देव म्हणायचं आन् बोलायचं." मग थोडे थांबून म्हणाली, "तुझ्या आईकडं जातं कुठाय? पीठ गिरणीतनं येतं. ती कुणापाशी बोलंल?"

आई विड्या वळताना गुणगुणतसुद्धा नाही. हजाराचा आकडा गाठायचा असतो, जुड्या मोजाव्या लागतात.

परवा संध्याकाळी ती म्हणाली, "तुझ्या वडिलांना सांग, गॅस संपलाय." मी पुस्तकात डोके घालून गप्प राहिले. पहिल्यांदाच. बराच वेळ पाने कापणाऱ्या कात्रीचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला. शेवटी वडील भिंतीकडे बघत म्हणाले, "कधी संपला?"

आईने मान वर केली नाही. मला म्हणाली, "सांग त्यांना, काल."