पंधरा ते आठ

पाण्याचा स्वभाव आपण सौम्य समजतो. पाणी भिजवते, वाहून नेते, फार तर पिढ्यान् पिढ्या एका दगडावरून वाहून त्याला गुळगुळीत करते. ते धातू कापते, आणि तेही क्षणात, हे मी भोसरीतल्या एका कारखान्यात डोळ्यांनी पाहिले नसते, तर मला खरे वाटले नसते.

कला शाखेच्या विद्यार्थ्याचे तिथे काय काम, असे कोणीही विचारील. झाले असे की, जुने भाग गोळा करून मी एक कॉम्प्युटर जुळवला. त्याच्या कॅबिनेटची बाजू बंद होती, त्यामुळे आत फार तापायचे. तिथे 120 मिलिमीटरचा पंखा आणि त्यासमोर जाळी हवी होती. बाजारातल्या जाळ्या पाहता पाहता मला आईचा ठिपक्यांचा कागद आठवला. उदबत्तीने भोके पाडलेला, कडा तपकिरी झालेला तो कागद! मधल्या ओळीत पंधरा ठिपके, मग वर-खाली एकेक कमी होत आठपर्यंत. सगळे मिळून 169. वर्षभरापासून आईचा हात थरथरतो. कागद कपाटात पडून आहे आणि दारापुढची जागा रिकामी आहे.

मी हिशेब मांडला. सहा मिलिमीटरची भोके, केंद्रापासून केंद्रापर्यंत आठ मिलिमीटर, म्हणजे मधली ओळ 118 मिलिमीटरची. पंखा बरोबर झाकला जात होता! शिवाय दोन ठिपक्यांच्या मधोमध पुढच्या ओळीतला ठिपका, ही आईची रीत कारखान्यातल्या जाळीच्या पत्र्यांचीही नेहमीचीच. त्यामुळे पत्रा मजबूत राहतो आणि निम्मी जागा हवेला मोकळी मिळते.

यंत्रावरच्या काकांनी तीन मिलिमीटरचा पत्रा पाण्याच्या टाकीवर बसवला. हवेच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट दाबाने पाणी एका कठीण खड्यातल्या केसासारख्या भोकातून सुटते. वाटेत त्यात गार्नेटची लालसर वाळू मिसळते. धातू कापते ती खरी ही वाळू; पाणी तिला वेग देते. कागद, कापड नुसत्या पाण्याने कापले जाते, धातूला मात्र वाळू लागते. धार जेमतेम एक मिलिमीटर रुंद. पत्रा तापत नाही, म्हणून वाकत नाही, आणि उदबत्तीच्या भोकासारखी कड करपत नाही.

“रेषासुद्धा कापता येतील का?” मी विचारले.

काका हसले. “अरे, रेषा गोल फिरून स्वतःला मिळाली की आतला तुकडा खाली पडणार. मध्ये जोड ठेवावे लागतील, मग रेषा तुटक दिसेल. ठिपकेच बरे.”

प्रत्येक ठिपक्याला धार आधी पत्रा भेदायची, मग गोल फिरायची. 169 वेळा हे चालले. कानठळ्या बसत होत्या, पण माझी नजर हलत नव्हती.

घरी आईने पत्र्यावरून बोट फिरवले. ठिपके मोजले नाहीत. तिला ते नजरेनेच कळले. मग म्हणाली, “छान झालंय. पण ठिपके काय, कागदही टाकतो. रांगोळी रेषांची असते रे.”

मला आधी थोडे लागले. आईचा हात मी धातूत जपून ठेवला, अशी माझी समजूत होती. पण तिचे खरे होते. यंत्राने अचूक दिले ते ठिपके. कुठल्या ठिपक्यावरून कुठे वळायचे हे आईच्या हातात होते, आणि ते कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. जे जपायचे होते, ते पत्र्यात उतरणारे नव्हतेच.

आता पंखा फिरतो, कॉम्प्युटर थंड राहतो. सकाळी आई दाराशी खुर्ची टाकून बसते आणि चिमूट माझ्या हातात असते. “अंगठा सैल सोड,” ती सांगते. माझी रेषा अजून जाड पडते. पण पंधरा ते आठमधली पहिली तीन वळणे मला न विचारता जमू लागली आहेत.