थकबाकीचा तपशील

सावकाराच्या वहीवरून आणि गावकऱ्यांच्या तोंडून माणसाची पत कळे तो काळ मागे पडून ती आता चार कंपन्यांच्या दप्तरात नोंदली जाते, आणि तिचे मोजमाप ३०० ते ९०० या दोन आकड्यांच्या दरम्यान होते, ही गोष्ट कर्ज काढण्याची वेळ येईपर्यंत बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसते. यांतील पहिली संस्था 'सिबिल' २००० साली स्थापन झाली. पुढे २००५ साली पतविषयक माहिती बाळगणाऱ्या कंपन्यांच्या नियमनाचा कायदा संसदेने संमत केला, आणि एक्स्पेरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हायमार्क या आणखी तीन कंपन्या या क्षेत्रात आल्या. माझी नोकरीची बहुतेक वर्षे बँकेच्या वसुली खात्यात गेली, आणि निवृत्तीनंतर वसुलीने गांजलेल्या माणसांची कागदपत्रे तपासून त्यांना वाट दाखविणे हेच काम मी पत्करले आहे. या दोन्ही बाजूंच्या अनुभवातून माझे मत असे बनले आहे की, जी बाकी आपल्याला मान्य नाही तिच्या बाबतीत पैसे किती आणि केव्हा द्यायचे हा प्रश्न मागाहूनचा आहे. ती बाकी निघाली कोठून, हे आधी लेखी मागितले पाहिजे.

हा क्रम बिघडतो तो तगाद्यामुळे. दिवसातून दहादा दूरध्वनी येऊ लागला, शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाच्यता होण्याची धमकी मिळाली, की अब्रूदार माणूस हिशेब विसरतो आणि 'एकदाचे देऊन टाकू' या विचारावर येतो. वसुलीचे सारे तंत्र याच हतबलतेवर उभे असते. वास्तविक सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी दूरध्वनी करू नये, कर्जदाराला धाकदपटशा दाखवू नये, त्याच्या आप्तेष्टांपुढे त्याची मानहानी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये निःसंदिग्धपणे बजावले आहे, आणि वसुलीसाठी गुंड पाठविण्याच्या प्रथेचा निषेध सर्वोच्च न्यायालयाने त्याही आधी, २००७ साली केला आहे. तेव्हा तगादेदाराशी तोंडी हुज्जत घालण्यात काही हशील नाही. त्याचे नाव, तो कोणाच्या वतीने बोलतो ते, दिनांक आणि वेळ एवढे टिपून ठेवावे आणि 'काय ते लेखी कळवा' इतकेच सांगून बोलणे थांबवावे.

पुष्कळदा बँकेने अशी बुडीत खाती मालमत्ता पुनर्रचना कंपनीला गठ्ठ्याने विकलेली असतात, आणि मागणी करणाऱ्या नव्या धनकोजवळ नाव, क्रमांक आणि एक ठोक रक्कम यांपलीकडे फारसे काही नसते. मूळ करारनामा, पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा, व्याज व दंडाची आकारणी आणि खाते हस्तांतरित झाल्याचा दस्तऐवज, या चार कागदांची मागणी म्हणून कळीची ठरते. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याचे कलम १३२ असे सांगते की, असे येणे विकत घेणारा ते त्यातल्या सर्व दोषांसकट घेतो. मूळ बँकेविरुद्ध ऋणकोला जो बचाव घेता आला असता तो नव्या धनकोविरुद्धही घेता येतो.

हिशेब मागण्याच्या हक्काला आपल्या मुलखात मोठी किंमत देऊन मान्यता मिळाली आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरला, तेव्हा रयतेचा रोख मुख्यतः सावकारांच्या दप्तरांवर होता. कर्जरोखे आणि खते हस्तगत करून ती जाळण्यात आली. त्यानंतर १८७९ साली जो दख्खनच्या शेतकऱ्यांच्या दुःखनिवारणाचा कायदा झाला, त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्यास सांगितले, आणि भरण्याची पावती व दरसालचा खातेउतारा मागण्याचा अधिकार कुळाला दिला. निरक्षर कुळाला त्या काळी जे मिळाले, ते आजच्या सुशिक्षित पगारदाराने मागायलाही कचरावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सातारा जिल्ह्यातील एका शिक्षकाचे प्रकरण या संदर्भात सांगण्यासारखे आहे. बदली झाली तेव्हा त्यांनी क्रेडिट कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज शाखेत दिला होता. कार्ड मात्र बंद झाले नाही, त्यावर वार्षिक शुल्क चढले, शुल्कावर विलंब आकार आणि त्यावर व्याज, असे होत होत पाचशे रुपयांची रक्कम बारा हजारांवर गेली. गृहकर्जाचा अर्ज नामंजूर झाला तेव्हा त्यांना याचा प्रथम पत्ता लागला. पतअहवालात प्रत्येक खात्याखाली महिन्यामहिन्याची चौकट असते आणि हप्ता किती दिवस थकला तो आकडा तीत लिहिलेला असतो. या गुरुजींच्या अहवालात '०००', '०००' अशी निर्मळ रांग एके ठिकाणी संपून '०३०', '०६०', '०९०' अशी चढण सुरू झालेली दिसत होती. ही चढण कोणत्या महिन्यात सुरू झाली ते पाहून आम्ही घरचे जुने कागद उपसले, आणि त्याच्या आधीच्याच महिन्याचा, शाखेचा आवक शिक्का असलेला अर्ज हाती लागला.

वसुली करणारा इसम चार हजारांत मिटवायला तयार होता आणि गुरुजीही देण्यास राजी होते. मी त्यांना थांबविले. तडजोडीने कमी रक्कम भरली की अहवालात खाते 'सेटल्ड' म्हणून नोंदले जाते, आणि पुढे कर्ज देणारा त्या शब्दाचा अर्थ 'याने पूर्ण फेड केली नाही' असाच घेतो. पूर्ण फेडीनंतर मिळणारी 'क्लोज्ड' ही नोंद आणि बेबाकीचा दाखला यांची बरोबरी त्या स्वस्त मिटवामिटवीला येत नाही. बाकी खरी असेल आणि ऐपत असेल तर ती पूर्ण फेडावी, असेच मी सांगतो. ऐपत नसेल तर तडजोड करणे यात लाज नाही, परंतु रक्कम, मुदत आणि नोंद कोणती होणार हे लेखी ठरल्यावाचून एक रुपयाही हातचा सोडू नये.

मुदतीचा प्रश्नही येथेच येतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा येण्यासाठी दावा लावण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते. मात्र मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी कबुली दिली किंवा लेखी नोंद राहील अशा रीतीने काही भरणा केला, तर ती नव्याने मोजली जाते, आणि मुदतबाह्य झालेले कर्जही फेडण्याचे नवे लेखी वचन दिल्यास करार कायद्याच्या कलम २५ अन्वये ते वसुलीस पात्र ठरते. 'सदिच्छा म्हणून पाचशे तरी भरा' या आर्जवामागे काय दडलेले असू शकते, ते यावरून ध्यानात यावे. तपशील मागणाऱ्या पत्रातही 'हे पत्र म्हणजे कोणत्याही कर्जाची कबुली नव्हे' हे वाक्य मी आवर्जून घालावयास लावतो. अर्थात मुदत टळल्याने दाव्याचा मार्ग बंद होतो, अहवालातील नोंद त्यामुळे पुसली जात नाही. तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

तो अर्ज पतमाहिती कंपनीकडे किंवा थेट बँकेकडे करता येतो, आणि त्याला शुल्क नाही. बँकेच्या दुजोऱ्यावाचून कंपनी नोंद बदलत नाही, म्हणूनच पैसे घेऊन 'सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्या दलालांच्या नादी लागू नये. अर्जदाराला जे करता येते त्याहून अधिक त्यांच्या हाती काही नसते. तक्रारीचे निवारण ३० दिवसांत न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी, असा नियम एप्रिल २०२४ पासून अमलात आहे. त्यातूनही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते, आणि सप्टेंबर २०२२ पासून या पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. क्रेडिट कार्डाच्या बाकीविषयी वाद चालू असताना ती थकबाकी म्हणून कळवू नये, वादाचा निकाल लागल्यावरच कळवावी, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक गुरुजींच्या अर्जात आम्ही शिक्क्याच्या प्रतीबरोबर उद्धृत केला. बँकेने शुल्क रद्द केले आणि खाते निरंक केले.

पत पुन्हा उभी करण्याचे काम त्यामानाने साधे, परंतु संथ आहे. मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड घ्यावे, त्याच्या मर्यादेचा थोडाच भाग वापरावा, पूर्ण बिल वेळेवर भरावे, आणि दहा ठिकाणी अर्ज करीत सुटू नये, कारण कर्जासाठीच्या प्रत्येक अर्जापाठी होणारी चौकशीही नोंदली जाते. कोणाला जामीन राहिला असाल तर त्या खात्यावरही नजर ठेवावी. मित्राचा थकलेला हप्ता जामीनदाराच्या अहवालात उमटतो, आणि आपल्याकडे भिडेखातर जामीन राहणारे थोडे नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी ही माहिती निदान दर पंधरवड्याला कळवावयाची असल्यामुळे चांगल्या वर्तनाची नोंदही आता पूर्वीपेक्षा लवकर पडते.

गुरुजींना मी चारही कंपन्यांचे अहवाल मागवावयास सांगितले. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा असतो. तिघींच्या दप्तरात दुरुस्ती झाली होती, चौथीत जुनी बाकी तशीच होती. तिच्यासाठी बँकेचे पत्र जोडून दुसरा अर्ज रवाना केला, आणि तोही निकाली निघाल्यानंतरच गृहकर्जाचे कागद नव्याने दाखल केले.