पेशीला सांगते कोण?

गेल्या काही वर्षांत आकुर्डीतल्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा सत्तरीच्या आसपासचे असतात किंवा त्यांची मुले. हातातल्या मोबाईलवर कुठली तरी चित्रफीत उघडलेली असते. ‘मॅडम, स्टेम सेलने हे बरे होईल का?’ ‘हे’ म्हणजे कधी अर्धांगवायू, कधी कंपवात, कधी विस्मरण. एका शब्दात ‘नाही’ म्हणवत नाही. शिवाय ते उत्तर अर्धवटही ठरेल, कारण मूळपेशींचे विज्ञान खोटे नाही. त्याचा एक अध्याय तर आपल्या मुंबईत, परळला लिहिला गेला आहे.

6 ऑगस्ट 1986 रोजी परळच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडा हिचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांचे ते फळ. ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्द तेव्हा घरोघरी पोहोचला. मी शाळेत होते. (कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी 1978 मध्येच हे साधले होते, पण त्यांच्या वाट्याला अवहेलना आली. पुढे आनंद कुमार यांनीच त्यांची टिपणे अभ्यासून पहिलेपणाचा मान मोकळ्या मनाने त्यांना दिला. असे औदार्य दुर्मीळच.)

त्यानंतर दोन दशकांनी परळच्याच राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी भ्रूणापासून मूळपेशींचे दोन वंश तयार केले. ‘काइंड-1’ आणि ‘काइंड-2’ ही त्यांची नावे. ते संशोधन 2009 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या लेखकांत डॉ. हिंदुजा यांचेही नाव आहे. वंध्यत्वावरच्या उपचारांत वापरले न गेलेले, दांपत्यांनी संमतीने दिलेले भ्रूण अशा कामासाठी घेतात.

या पेशींचे एवढे अप्रूप का, ते समजण्यासाठी पाचव्या दिवसाचा भ्रूण डोळ्यांपुढे आणावा लागतो. शंभर-दोनशे पेशींचा तो एक पोकळ गोळा असतो, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा ठिपका. बाहेरच्या थरापासून पुढे वार तयार होते. आत एका कडेला पेशींचा लहानसा पुंजका असतो. तुमचेआमचे सगळे शरीर त्या पुंजक्यातून आलेले आहे. त्यातली कोणतीही पेशी मेंदूची होऊ शकते, यकृताची होऊ शकते, हाडाचीही. मग अमुक पेशीने अमुकच व्हावे, हे तिला सांगते कोण? बहुतांशी शेजारच्या पेशी. त्या रासायनिक संदेश पाठवतात, आणि संदेश कोणता, किती आणि कधी मिळाला यावर पेशीचे भवितव्य ठरते. दोन आठवड्यांच्या सुमारास भ्रूणात एक बारीक रेघ उमटते. डोके कुठे, पाय कुठे, डावे-उजवे कोणते, याची आखणी तिथे सुरू होते. प्रयोगशाळेत मानवी भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये, हा आपल्याकडचा नियमही या टप्प्याशीच बांधलेला आहे.

संदेशच मिळाला नाही तर काय होते? आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संग्रहालयात एका बरणीत बीजकोशातली गाठ ठेवलेली होती. चिरलेल्या गाठीत केसांचा पुंजका आणि दोन दात. पहिल्या वर्षाची मुले ती पाहून गप्प होत. भ्रूणातल्या मूळपेशी तशाच, काही न शिकवता उंदराच्या शरीरात सोडल्या तरी अशीच सरमिसळ गाठ होते. सामर्थ्य सगळे, दिशा कुठलीच नाही.

हे सारे एका गृहस्थांना सांगण्याची वेळ मागच्या वर्षी आली. भोसरीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षे काढून ते निवृत्त झाले होते. पत्नीला नऊ वर्षांपासून कंपवात. दोघे माझ्याकडे प्रथमच आले होते, तेही फक्त मत विचारायला. एका ठिकाणी त्यांना सांगण्यात आले होते, की कमरेच्या हाडातून मज्जा काढू, मूळपेशी वेगळ्या करू, सलाईनमधून देऊ. त्यासाठी निवृत्तीच्या पैशांची ठेव मोडायची होती. चाकणला नोकरी करणारा मुलगा उरलेल्या रकमेचे कर्ज काढणार होता.

मी म्हटले, ‘काका, मज्जेतल्या मूळपेशी रक्त घडवायला शिकलेल्या असतात. म्हणून रक्ताच्या कर्करोगात, थॅलेसेमियात मज्जा प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. पुण्यातच, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे आणि डॉ. ललिता लिमये यांनी या पेशींवर वर्षानुवर्षे काम केले. पण शिरेतून सोडल्यावर त्या मेंदूत जाऊन मेंदूच्या पेशी होतील, याला आधार नाही.’

ते क्षणभर थांबले. ‘म्हणजे मॅडम, लेथवरचा माणूस वेल्डिंगला पाठवायचा. तोही कुठल्या शेडमध्ये जायचं ते न सांगता.’

इतके नेमके उत्तर मला सुचले नसते.

तरी आशेला जागा आहेच, आणि तेही मी त्यांना सांगितले. जपानचे शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशी चार जनुकांच्या साहाय्याने पुन्हा मूळ अवस्थेत नेल्या. 2012 चे नोबेल जॉन गर्डन यांच्यासह त्यांना मिळाले. क्योतोमध्ये अशा पेशींना प्रयोगशाळेतच भ्रूणातल्यासारखे संदेश देऊन डोपामिन तयार करणाऱ्या पेशींच्या मार्गावर आणले गेले आणि शस्त्रक्रियेने थेट मेंदूत ठेवले गेले. सात कंपवात रुग्णांवरच्या त्या चाचणीचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. गंभीर अपाय आढळला नाही, काहींच्या हालचाली सुधारल्या. आधी शिकवण, मग नेमकी जागा, मग वर्षानुवर्षे देखरेख. सलाईनच्या बाटलीशी याचे नाते नाही.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांतले प्रत्यारोपण सोडता मूळपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेऊ नयेत. पुढे औषध नियंत्रकांनी एखाद्या उत्पादनाला ठराविक आजारापुरती परवानगी दिली, पण ती कंपवातासाठी नव्हे. म्हणून मी काकांना कागदावर दोन प्रश्न लिहून दिले: ही चाचणी असेल तर सीटीआरआय नोंदणी क्रमांक कोणता? आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे?

आठवड्याने ते कागद घेऊन परत आले. क्रमांक कोणी दिला नव्हता. त्याच भेटीत बोलता बोलता कळले, की काकूंची सकाळची गोळी दुधाच्या कपाबरोबर दिली जाते. प्रथिनांमुळे लेव्होडोपाचा परिणाम उणावतो. त्यांच्या मेंदूविकार तज्ज्ञांशी फोनवर बोलून वेळ बदलून घेतली: न्याहारीच्या अर्धा तास आधी, साध्या पाण्याबरोबर. चालण्याच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टचे नाव दिले, न्हाणीघरात धरायला दांडी बसवायला सांगितली. दांडी काकांनी स्वतःच बसवली, स्टीलची, आणि तिची उंची काकूंच्या हाताच्या मापाने घेतली.