शेजारची सीट

वीकेंडला मित्रमंडळी मॉलमध्ये, आणि मी ‘किरण’सोबत! गैरसमज नको, हे एचएएलचं ट्रेनर जेट. पहिलं उड्डाण १९६४ चं, १९९६ ते २०११ सूर्यकिरण टीमचं विमान. फ्लाइट सिम्युलेटरसाठी त्याचं मॉडेल करतोय. ब्लेंडरमध्ये पंख, चाकं जमतात. खरा कस विमानाच्या वागण्यात: वेग घटला की पंखांची उचल कधी संपेल, नाक कसं झुकेल, सगळं आकड्यांत मांडायचं.

यवतमाळला गेलो की बाबा स्क्रीनपाशी येतात.

‘दोन सीटा बाजूबाजूला कायले रे?’

‘एक शिकवणाऱ्याची, बाबा.’

स्कूटर त्यांनीच शिकवली मला, मागे बसून. सिम्युलेटरमध्ये चुकलं की रीसेट मारता येतं. पण ‘घाबरू नको, मी आहे’ म्हणणारं माणूस कोडमध्ये कसं लिहिणार? सध्या तीच सीट बनवतोय, पट्ट्यांसकट.